उजनीच्या बॅकवॉटरमध्ये कयाक: पहिल्यांदाच वल्हं हातात घेणाऱ्यांसाठी

शेंगाचटणी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

केत्तूरच्या बाजूने उजनी धरणाच्या बॅकवॉटरमध्ये (धरणामागं पसरलेल्या पाण्यात) गाईडबरोबर कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी अरुंद नाव, चालवून आले. सोबत नणंदबाई होत्या. दोघींनीही याआधी वल्हं धरलेलं नव्हतं. मला पोहता येतं, त्यांना अजिबात येत नाही. सोलापुरात कुणाला विचारलं की कोलाडला जा, नाहीतर तारकर्लीला जा, एवढंच ऐकू येतं. दोन्ही ठिकाणं चांगलीच आहेत, पण आपल्या जिल्ह्यात एवढी भीमा पसरलेली असताना तिच्यावर उतरायचं आपल्याला सुचत कसं नाही, याचं वाईट वाटतं. म्हणून जे शिकले ते सविस्तर लिहिते.

उजनी आपण टक्क्यांत ओळखतो. प्लसमध्ये आली का, मायनसमध्ये गेली का, नळाला पाणी किती दिवसांआड. एकूण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही माहीत असतं. माझ्या लहानपणापासून घरात पाणी म्हणजे भरून ठेवायची वस्तू. त्या पाण्यावर जाऊन बसायचं, हे मनात यायलाच इतकी वर्षं गेली.

पहाटे अंधारात निघालो, टेंभुर्णीला चहा घेतला, जेऊरवरून आत वळलो. उजाडताना काठावर हजर पाहिजे असं गाईडदादांनी फोनवर बजावलं होतं. कारण वारा. सकाळी पाणी सपाट असतं. ऊन चढलं की वारा सुटतो, आणि एवढ्या उघड्या पसाऱ्यावर त्याला अडवायला ना डोंगर ना झाडी. पाणी जितकं लांबरुंद, तितकी लाट मोठी होत जाते. दहाच्या आत परत काठाला लागायचं, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. आमच्यातला एक जण "अजून थोडं पुढं जाऊ की ओ" म्हणून मागं लागला होता. दादांनी शांतपणे नाही म्हटलं आणि दुसऱ्या कामाला लागले. मला तिथंच धीर आला. नवख्या माणसाला नाही म्हणू शकणारा गाईड मिळाला की निम्मी काळजी मिटते.

सुरुवातीचा बराच वेळ आम्ही कोरड्यावरच होतो. जॅकेटचे पट्टे आवळून झाल्यावर दादांनी प्रत्येकाचं जॅकेट खांद्यापाशी धरून वर ओढून पाहिलं. ते हनुवटीच्या वर सरकलं तर पाण्यात गेल्यावर जॅकेट तरंगेल आणि माणूस खाली राहील. नणंदबाईंचं सरकलं, लगेच लहान मापाचं दिलं. सगळे पट्टे लावलेले, शिट्टी खांद्याला बांधलेली. एक फुंकर म्हणजे इकडे लक्ष द्या, तीन म्हणजे मदत हवी. वल्हं आडवं धरून डोक्यावर नेलं की सगळ्यांनी थांबायचं, उभं धरलं की या.

मग वल्हं. दोन्ही टोकांना पातं असतं. ते डोक्यावर आडवं धरायचं, कोपरं काटकोनात आली की हातांतलं अंतर बरोबर. पातं पायाच्या बोटांजवळ पाण्यात घालायचं आणि कमरेपाशी काढायचं. कमरेच्या मागं ओढत राहिलं की नाव पुढं जायचं सोडून वळायला लागते. आणि यातली मुख्य गोष्ट, जी मला काठावर कळली नाही, पाण्यात कळली: जोर दंडांतून काढायचा नाही. धड वळवायचं, आणि ज्या बाजूला वल्हं ओढतोय त्या बाजूचा पाय पुढच्या टेकूवर दाबायचा. जात्यावर दळताना बाईचं अख्खं अंग कसं हलतं, तसं. दादांनी हे समजावलं तेव्हा नणंदबाई म्हणाल्या, "मग येतंय की मला." आणि खरंच त्यांना माझ्या आधी आलं. लहानपणी त्यांनी आईबरोबर जातं ओढलेलं आहे. नुसत्या दंडाने मारणाऱ्यांचे खांदे अर्ध्या तासात भरून आले, त्या मात्र शेवटपर्यंत एका लयीत.

वळायचं असेल तर वल्हं लांब, अर्धगोल फिरवायचं, पायापासून थेट शेपटीपर्यंत. थांबायचं असेल तर दोन्ही बाजूंनी आळीपाळीने उलटे, छोटे फटके. पुढं बघायचं, लांबच्या काठावरच्या एखाद्या झाडाकडे. पात्याकडे बघत बसलं की डोकं झुकतं, डोक्यामागं धड झुकतं आणि नाव डुगडुगते.

पाण्यात उतरल्यावर सगळ्यात आधी मात्र उलटायचं शिकवलं. छातीएवढ्या पाण्यात प्रत्येकाला मुद्दाम पाडलं. नणंदबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता, दादा त्यांच्या शेजारी पाण्यात उभे राहिले, हात धरून. पडल्या, जॅकेटने वर आणल्या, नाकातोंडातलं पाणी झटकलं, आणि स्वतःहून म्हणाल्या, "परत एकदा पाडा." त्यानंतर दिवसभर त्यांना भीती वाटली नाही. आमच्या नावा वरून उघड्या होत्या, पाय आत अडकतील असा प्रकार नव्हता. पडलं तर एका हाताने नाव धरायची, दुसऱ्याने वल्हं, आणि सोडायचं नाही. नाव बुडत नाही आणि लांबून दिसते. एकटं डोकं लांबून दिसत नाही. परत चढताना नावेच्या मध्यावर यायचं, पाय पाण्यात जोरात मारायचे, पोटावर आडवं नावेवर यायचं आणि मग पालथ्याचं उताणं होत बसायचं. गुडघ्यावर चढायला गेलं की नाव परत उलटते.

आम्ही दोघी एका जोडनावेत. पुढं बसणाऱ्याने लय धरायची, मागच्याने ती पाळायची आणि दिशा सांभाळायची. मी मागं होते. सुरुवातीला वल्ही एकमेकींवर आपटायची. मग नणंदबाईंनी मोठ्याने "विठ्ठल, विठ्ठल" म्हणायला सुरुवात केली, डावीकडे विठ्, उजवीकडे ठल, आणि वल्ही जुळली. बाजूच्या नावेतले दोघे तेच म्हणायला लागले.

सगळ्यांच्या पुढं गाईडदादा, सगळ्यांच्या मागं त्यांचा एक सहकारी, आणि बरोबर गावातलेच एक मच्छीमार काका त्यांच्या होडीतून. काका नसते तर ही सहल झाली नसती असं माझं मत आहे. कुठं जाळं टाकलंय, थर्माकोलच्या तुकड्यांमधून कुठून वाट आहे, कुठं बुडालेल्या बाभळीचे बुंधे पाण्याच्या जरा खाली आहेत, हे त्यांना तोंडपाठ. अशा झाडांत वाऱ्याने नाव ढकलली गेली की निघणं अवघड, म्हणून त्यांनी आम्हाला लांबून नेलं. जाळ्यांच्या वरून कुणी नाव घालायची नाही, अशी ताकीद होती. त्यांची चिलापी मासळी त्या जाळ्यांत आहे, घर त्यावर चालतं.

परतताना वारा सुटलाच, ठरल्या वेळेच्याही आधी. आणि मग कळलं की वारा बाजूने आला की नावेचं तोंड आपोआप वाऱ्याकडे वळतं. मला एकाच बाजूने सारखं वल्हवत राहावं लागलं. लाट गुडघ्याएवढीही नव्हती, पण नवख्यांना पुरे होती. एक तरुण मुलगा उलटला. दादांनी आम्हाला नावा जवळजवळ आणून एकमेकींच्या धरून ठेवायला लावल्या, स्वतः गेले, त्याची नाव आपल्या नावेवर आडवी ओढून पाणी काढलं, सरळ केली, त्याला चढवलं. आरडाओरडा नाही, रागावणं नाही. पोरगा काठावर आला तेव्हा हसत होता.

काठावर कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही. पाण्यातून आल्यावर त्या भाकरीची चव काय सांगू.

शंका असतील तर विचारा.

होटगीरोड

लई भारी लिहिलंय ताई. प्रश्न एकच: पोहता येत नसेल तर खरंच जावं का? घरचे ऐकणार नाहीत.

करमाळ्याची_माती

ताई, वाचून आनंद झाला, आणि आतून हललोही. तुम्ही ज्या पाण्यावरून गेलात त्याखाली आमचं शेत आहे. आजोबांचं घर, विहीर, चिंच, सगळं धरणात गेलं. काठ आता आमच्या दारापर्यंत आला आहे, पण आमच्या घरातल्या बायका अजून त्या पाण्याकडे पाठ करून बसतात. पाणी उतरलं की पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ वर येतं, तेव्हा पुण्या-मुंबईची माणसं फोटो काढायला येतात. आमची म्हातारी माणसं तिथं जाऊन डोकं टेकतात.

दुसरी गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. मे २०२४ मध्ये कुगाव ते कळाशी जाणारी होडी वादळात उलटली, सहा जीव गेले. आमच्या भागात त्या दिवसाबद्दल अजून कुणी मोठ्याने बोलत नाही. या काठाची माणसं इंदापूरच्या बाजूला दवाखान्याला, बाजाराला, पाहुण्यांकडे होडीनेच जातात, कारण रस्त्याने गेलं तर केवढा तरी फेरा. त्यामुळे पर्यटनाचे आराखडे होत असतील तर आनंदच आहे, पण जॅकेट आधी रोजच्या प्रवाशाच्या अंगावर आलं पाहिजे, मग पाहुण्यांच्या. आणि एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर कुणी या पाण्यावर उतरू नका. वळीव इथं सांगून येत नाही. पश्चिमेला आभाळ काळं दिसलं आणि अर्ध्या तासात पाणी उसळायला लागलं, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो.

शेंगाचटणी

दादा, तुमचा प्रतिसाद नणंदबाईंना वाचून दाखवला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, पुढच्या वेळी पाण्यात उतरण्याआधी ओटी भरायची. मला ते पटलं.

रोजच्या प्रवाशाला जॅकेट आधी, याला माझा पूर्ण पाठिंबा. हा मुद्दा इथेच राहू नये. ग्रामपंचायतीला अर्ज द्यायचा असेल तर मसुदा लिहायला मी तयार आहे, टायपिंगही करून देईन.

खडकवासल्याचा_वल्हेकरी

मी मूळचा बार्शीचा, आता पुण्यात. पुष्कळ वर्षं वल्हवतोय, नवख्यांना शिकवतोही, म्हणून जरा लांब लिहितो.

होटगीरोड, पोहता येत नसणाऱ्याने जावं का? शांत पाणी, चांगलं जॅकेट, शिकलेला गाईड आणि माणसं मोजकी असतील तर जावं. मात्र पाण्यात तोंड गेल्यावर घाबरून गाईडच्या गळ्याला मिठी मारणार नाही, एवढी तयारी हवी. ती पोहण्याच्या तलावात होते. जॅकेट घालून कमरेएवढ्या पाण्यात उताणं पडून राहायचं, तोंड पाण्यात घालून श्वास सोडायचा, परत उभं राहायचं. हे अंगवळणी पडलं की पुढचं सोपं. पोहता येत असलेली माणसं उलट जॅकेट सैल ठेवतात, "मला येतंय की" म्हणून. मला त्यांची काळजी जास्त वाटते.

जॅकेटबद्दल: बाजारात स्वस्त, नारंगी, आत थर्माकोलचे चुरलेले तुकडे असलेली जॅकेटं मिळतात. ती घेऊ नका. कयाकसाठी ५० न्यूटनचं, हात मोकळे राहतील असं जॅकेट चालतं, त्यावर ते छापलेलं असतं. पण ते शुद्धीवर असलेल्या, थोडंफार पोहणाऱ्या माणसासाठी आहे. ते बेशुद्ध माणसाचं तोंड वर करेलच असं नाही. न पोहणाऱ्याला जास्त तरंगवणारं, मानेमागं कॉलर असलेलं जॅकेट मागून घ्या. मुलांचं असेल तर दोन पायांमधून येणारा पट्टा हवाच.

आता ज्यासाठी मी हा प्रतिसाद लिहायला बसलो ते. ताईंचं वाचून कुणाला वाटेल की बॅकवॉटर झालं, आता धरणाच्या खाली भीमेत नाव घालू, पंढरपूरपर्यंत जाऊ. कृपा करून असं एकट्यादुकट्याने करू नका. धरणाखाली नदीवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. वरून येणाऱ्याला बंधारा दिसतच नाही, पाण्याची एक सरळ रेघ दिसते आणि पुढं नदी एकदम संपल्यासारखी वाटते. पाणी त्यावरून पडतं आणि खाली गेल्यावर परत बंधाऱ्याच्या भिंतीकडे उलटं वळतं. त्या घोळात लाकडाचा ओंडका सापडला तर दिवसभर तिथंच गोल फिरत राहतो. माणसाचंही तेच होतं, आणि अशा ठिकाणी जॅकेट, पोहणं, ताकद यांतलं काही कामाला येत नाही. वाचवायला उतरलेलाही जातो. बंधारा यायच्या बराच आधी काठाला लागायचं, नाव खांद्यावर घ्यायची, चालत जायचं आणि बऱ्याच पुढं परत उतरायचं. कुठं उतरायचं हे आदल्या दिवशी काठाने हिंडून ठरवून ठेवायचं. ज्या गाईडला हे पाठ नाही त्याच्याबरोबर वाहत्या नदीत जाऊ नका.

कोलाडचं गणित वेगळं आहे. तिथं कुंडलिकेला भिऱ्याच्या वीज प्रकल्पातून सोडलेलं पाणी येतं, त्यामुळे पावसाळा नसतानाही नदीला वेग असतो आणि पाणी सुटेल त्या वेळेलाच सगळे उतरतात. नवख्याने तिथं आधी राफ्टमध्ये (हवा भरलेल्या मोठ्या नावेत) बसावं. वेगवान पाण्यात एकट्याची कयाक हा पुढचा वर्ग आहे.

भीमातीर

पंढरपूरहून. वरचा प्रतिसाद प्रत्येकाने वाचावा. आम्ही चंद्रभागेच्या काठचे, आमच्याकडं बंधाऱ्याच्या खाली पोहू नका हे मुलांना चालायला लागल्यापासून सांगतात.

उजनीतून पाणी कधी सुटणार हेही बघा. उन्हाळ्यात शेतीसाठी, पिण्यासाठी, वारीच्या आधी, पूर आला तर त्यासाठी, अशा वेगवेगळ्या कारणांनी नदीत पाणी सोडतात. सकाळी घोट्याएवढी असलेली नदी दुसऱ्या दिवशी छातीएवढी असते. वाळू उपशामुळे पात्रात खड्डे पडलेत, ते वरून कळत नाहीत. आमचे होडीवाले कोळी बांधव बांबू टेकवत टेकवत जातात ते उगाच नाही. नदीत उतरायचं तर पहिला नमस्कार पुंडलिकाला आणि दुसरी चौकशी त्यांच्याकडे.

चांदवा

पक्षी बघायला वर्षानुवर्षं त्या भागात जातो, म्हणून एक कळकळीची विनंती. कयाकला आवाज नसतो, त्यामुळे तुम्ही पक्ष्यांच्या फार जवळ पोचता, आणि जाण्याचा मोह होतो. जाऊ नका. रोहित (फ्लेमिंगो), पट्टकदंब, चक्रवाक लांबून उडत येतात आणि इथं खाऊन अंगात ताकद भरतात. थव्याला उडवलं की त्या कमाईतली काही उगाच खर्च होते. सगळ्या थव्याच्या माना एकदम वर झाल्या की समजायचं आपण जास्त जवळ आलो. तिथंच थांबा, हळूच मागं या.

रोहित बघायलाच जाणार असाल तर दिवाळीनंतर लगेच जाऊन उपयोग नाही. धरण भरलेलं असलं की त्यांना चरायला उथळ चिखल मिळत नाही. पाणी उतरायला लागलं, काठचा गाळ उघडा पडला, की ते दिसायला लागतात. भरलेल्या वर्षी उशिरा येतात. कयाकला पाणी जास्त लागतं आणि रोहितला कमी, त्यामुळे दोन्ही एकाच सहलीत बसवू नका. नदी सुरय, चित्रबलाक आणि हळदी-कुंकू बदकं मात्र बहुतेक भेटतील.

अक्कलकोटकर

पाणी किती घाण आहे त्याचं काय? पुणे, पिंपरी-चिंचवडचं सगळं सांडपाणी मुळा-मुठा आणि इंद्रायणीतून भीमेत आणि तिथून उजनीत येतं. उन्हाळ्यात हिरवा तवंग दिसतो. हे नाकातोंडात गेलं तर?

शेंगाचटणी

दादा, प्रश्न अगदी रास्त. आम्ही गेलो तेव्हा पाणी भरलेलं होतं आणि तवंग नव्हता, तरी दादांनी सांगितलं होतं की गिळायचं नाही, अंगावर उघडी जखम असेल तर पट्टी लावा किंवा येऊ नका, आणि आल्यावर साबणाने अंघोळ. हिरवी साय आलेला भाग दिसला तर ते तिथं नावच घालत नाहीत. मी माझ्या बाजूने एवढंच म्हणेन की त्या पाण्यात बोटं घातल्यावर मला त्याची जास्त चीड आली. हेच पाणी आपल्या घरात शुद्ध होऊन येतं. इतकी वर्षं मी त्याबद्दल फक्त पेपरात वाचत होते.

हौशी_आजी

माझं वय ६१. गुडघे दुखतात, मांडी घालून बसता येत नाही. साडी सोडून दुसरं काही नेसलेलं नाही. मला जमेल का बाळा? खरं सांग.

शेंगाचटणी

आजी, खरं सांगते. कयाकमध्ये मांडी घालायची नसते, पाय पुढं पसरून गुडघे थोडे वाकवून बसायचं, पाठीला टेका असतो. त्रास होतो तो बसताना आणि उठताना. त्यासाठी नाव गुडघ्याएवढ्या पाण्यात धरून ठेवायला दोन माणसं सांगायची, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसायचं. आमच्यात तुमच्या वयाचे एक काका होते, त्यांना असंच बसवलं. जोडनावेत पुढची जागा घ्या, मागं गाईड.

साडी मात्र नको. ओली साडी पायांत गुंडाळली जाते, पाण्यात हे धोक्याचं आहे. सुती सलवारही भिजून जड होते. पातळ, लवकर वाळणारी पँट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. माझ्या नणंदबाईंनीही आयुष्यात पहिल्यांदा पँट घातली. आधी लाजल्या, नंतर विसरून गेल्या. टोपीला हनुवटीखाली दोरी हवी, चष्म्याला मागून नाडी हवी. तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारा, बी.पी.ची गोळी घेत असाल तर गाईडला आधी सांगा. आणि या. मला फार आवडेल.

जुळे_सोलापूर

माझा धाकटा भाऊ व्हीलचेअरवर आहे, कमरेखाली ताकद नाही. हा धागा त्याने वाचला आणि मला पाठवला, म्हणून विचारतो. अशांसाठी काही सोय असते का?

खडकवासल्याचा_वल्हेकरी

असते, आणि भावाला जरूर सांगा. पाय टेकवून मिळणारा जोर त्याला मिळणार नाही, पण पाठीला उंच, घट्ट टेका आणि बाजूंना फोमचे आधार लावले की धड वळवून वल्हवता येतं. प्राची यादव हे नाव त्याला सांगा. त्याही कमरेखाली अपंग आहेत. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये पॅराकनू (अपंग खेळाडूंची वल्ह्याच्या नावांची शर्यत) खेळणाऱ्या त्या पहिल्या भारतीय, आणि हांगझाऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. भोपाळच्या तलावावर सराव करून. आपल्या तलावांवर का होऊ नये?

सुरुवात पोहण्याच्या तलावात करा. त्याला नावेला कशानेही बांधायचं नाही, पट्टा लावायचा नाही, हे कुणी कितीही सांगितलं तरी पक्कं ठेवा. उलटलं की मोकळं सुटता आलं पाहिजे. पुण्याला आलात तर मी स्वतः त्याच्याबरोबर पाण्यात उतरेन. व्यक्तिगत निरोप पाठवतो.

जुळे_सोलापूर

दादा, काय बोलू. भाऊ शेजारी बसून वाचतोय.

मंद्रूपकर

हत्तरसंग कुडलला भीमा आणि सीनेचा संगम आहे. संगमेश्वराच्या देवळातला शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी शिलालेख बघायला शाळेच्या सहली येतात. तिथं संगमावर कयाक झाली तर आमच्या दक्षिण सोलापूरच्या पोरांना काम मिळेल असं फार वाटतं. पण भीमेवर औजचा बंधारा आहे आणि पाणी वर्षभर सारखं नसतं. वर वाचल्यावर वाटतंय की आधी कुणीतरी जाणत्याने काठाने हिंडून बघितलं पाहिजे.

खडकवासल्याचा_वल्हेकरी

बरोबर विचार केलात. संगमावर दोन प्रवाह भिडतात तिथं पाण्यात रेघ दिसते, ती ओलांडताना नवख्याची नाव हमखास कलते. पावसाळा संपून पाणी निवळलं की मला बोलवा. तुमच्याकडचा एखादा मच्छीमार बरोबर घेऊ, बंधाऱ्यापर्यंतचा काठ चालत बघू, खोली मोजू, मग ठरवू. पोरांना शिकवायचं असेल तर सुरुवात साठलेल्या पाण्यात. आधी माणसं पाण्यातून बाहेर कशी काढायची ते शिकतील, मग पाहुण्यांना बसवतील.

होटगीरोड

मंडळी, घरी दाखवलं. आई म्हणाली, आधी तलावात जॅकेट घालून पडून दाखव, मग बघू. उद्या पोहण्याच्या तलावावर नाव नोंदवतोय. ताई, पुढची सहल कधी?

शेंगाचटणी

जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उरकली की. तोवर थंडीही असते आणि सकाळचा वारा कमी. सात रस्त्यावरून पहाटे एक गाडी निघेल, तिच्यात हौशी आजींची जागा मी धरून ठेवली आहे. येणाऱ्यांनी आपलं वजन, उंची, पोहता येतं की नाही आणि काही आजार असेल तर तो मला निरोपात कळवा. जॅकेटची मापं गाईडदादांना आधी द्यायची आहेत. करमाळ्याची_माती दादा, अर्जाचा मसुदा तुम्हाला पाठवला आहे. होडीच्या फेऱ्या किती आणि साधारण किती माणसं जातात ते तुम्ही त्यात भरा, मी रविवारी टाईप करते.